काडी न लावता पेटतं ते!

आगरदांडा ते दिघी. राजपुरीची खाडी, फेरीबोटीवर दाटीवाटीनं लावलेल्या गाड्या, एका अंगाला जंजिरा आणि पायाखाली डिझेल इंजिनाची धडधड. बहुतेक प्रवासी मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतलेले असतात. पण करामत खाली, इंजिनात चाललेली असते. त्या इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपणहून पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरनं १८९७ साली असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं.

ठिणगी नाही, काडी नाही, तरी जाळ. रॉकेटमध्ये याच जातीची, पण फार जहाल करामत चालते. तिथे तर हवा दाबून तापवायचीही गरज नसते. दोन द्रव एकमेकांना भेटले की झालं! त्या दोनपैकी एक द्रव इस्रोसाठी वर्षानुवर्षं तयार होत आला तो आगरदांड्याच्याच रायगड जिल्ह्यात. ते कुठे, हे पुढे येईलच.

आधी एक गैरसमज काढून टाकू

द्रव जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणून ते धोक्याचं. डिझेलला त्यासाठी बरंच तापावं लागतं. त्यामुळे थंड डिझेलच्या भांड्यात पडलेली पेटती काडी विझूसुद्धा शकते. (वाचा आणि सोडून द्या. प्रयोग करू नका.) गंमत म्हणजे ठिणगीशिवाय आपणहून पेटायच्या शर्यतीत डिझेल पेट्रोलच्या पुढे असतं. त्याला त्यासाठी कमी तापमान पुरतं. लवकर भडकणं आणि आपणहून पेटणं हे दोन वेगळे गुण आहेत.

म्हणजे द्रव इंधन झटपट जाळायचं तर त्याची झटपट वाफ व्हायला हवी, आणि वाफ व्हायची तर त्याचे बारीक थेंब व्हायला हवेत. हिशेब करून बघा. एक लिटर इंधनाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग पाचशे चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. त्याच लिटरचे एक दशांश मिलिमीटर जाडीचे थेंब केले तर पृष्ठभाग होतो साठ चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेसहाशे चौरस फूट. पनवेलकडचा एखादा वन-बीएचके! एवढ्या अंगानं इंधन तापतं, वाफाळतं आणि जळतं.

हे थेंब पाडण्याचं काम इंजेक्टर करतो. रॉकेट इंजिनातला हा भाग बाहेरून दिसत नाही, त्याचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही, पण इंजिनाची सगळी अब्रू त्याच्या हातात असते. बारीक भोकांतून इंधनाच्या आणि ऑक्सिडायझरच्या, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाच्या, धारा निघतात. काही रचनांमध्ये त्या एकमेकींवर आपटवतात, आपटल्या की फुटतात, मिसळतात आणि काही मिलिसेकंदांत संपतातही. भोक जरा तिरकं पडलं तर तप्त झोत भिंतीवर जातो आणि भिंत वितळते.

रायगडचा तपकिरी वायू

रॉकेटला हवा सोबत न्यावी लागते. वर हवाच नाही, मग जळायला ऑक्सिजन आणायचा कुठून? म्हणून इंधनाच्या टाकीबरोबर ऑक्सिडायझरची टाकी असते आणि बहुतेक वेळा वजनाला तीच जास्त भरते. भारताच्या 'विकास' इंजिनात हा ऑक्सिडायझर असतो नायट्रोजन टेट्रॉक्साइड.

तो बनायचा रसायनीला. पाताळगंगेकाठी, पनवेलहून खोपोलीकडे जाताना लागणाऱ्या पट्ट्यात, हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात. कंपनी १९६० सालची. रंग, औषधं, रबर अशा उद्योगांना लागणारी मूलभूत रसायनं देशात बनावीत म्हणून ती उभी राहिली. पुढे दिवस फिरले, तोटा वाढत गेला. १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीतली न परवडणारी सगळी युनिटं बंद करायला मंजुरी दिली. त्यातून एकच वगळलं: नायट्रोजन टेट्रॉक्साइडचं. ते इस्रोकडे सोपवायचं ठरलं. कारण सरकारनंच स्पष्ट सांगितलं होतं. हे रसायन देशात बनवणारा दुसरा कारखाना नाही आणि त्याच्याशिवाय रॉकेट उडत नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यातून वाचला तो एवढा तुकडा. आपल्याकडे अवकाश मोहिमांच्या बातम्या श्रीहरिकोट्याहून सुरू होतात आणि बंगळुरूला संपतात. त्यांत रसायनीचं नाव कधी येत नाही, याचं नवल वाटतं.

हे नायट्रोजन टेट्रॉक्साइड येतं कुठून? मूळ घराणं खताच्या कारखान्याचंच. अमोनिया प्लॅटिनमच्या तप्त जाळीवरून हवेबरोबर नेला की नायट्रिक ऑक्साइड होतो, त्याला आणखी ऑक्सिजन मिळाला की नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो गार केला की रेणू जोडीजोडीनं बिलगून टेट्रॉक्साइडचा द्रव होतो. पुन्हा तापवला की जोड्या सुटतात आणि तांबूस-तपकिरी वाफ सुटते. एकवीस अंशांना हा द्रव उकळतो. म्हणजे कोकणात थंडीतली एखादी पहाट सोडली तर उघड्या भांड्यात तो टिकायचाच नाही. तो दाबाखाली बंद टाकीतच ठेवावा लागतो.

आणि तो विषारी आहे. नुसता झोंबणारा नव्हे, तर फसवा. श्वासावाटे गेला की सुरुवातीला थोडा खोकला येतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. त्याचा अनुभव तीन अमेरिकी अंतराळवीरांनी घेतला. २४ जुलै १९७५ रोजी अपोलो-सोयुझ मोहिमेवरून परतताना उतरत्या यानात हवा आत घेणारी झडप उघडली आणि बाहेरच्या छोट्या इंजिनांतून निघालेला हाच वायू आत शिरला. व्हॅन्स ब्रँड बेशुद्ध पडले. टॉम स्टॅफर्ड यांनी ऑक्सिजनचे मुखवटे काढून सगळ्यांना लावले. सोव्हिएत यानाशी अंतराळात हस्तांदोलन करून आलेले हे वीर होनोलुलूच्या इस्पितळात दाखल झाले.

भेट झाली की भडका

टेट्रॉक्साइडचा जोडीदार म्हणजे हायड्राझिन घराण्यातलं इंधन. 'विकास'मध्ये यूएच-२५ वापरतात: तीन भाग यूडीएमएच नावाचं हायड्राझिनचं भावंड आणि एक भाग हायड्राझिन हायड्रेट. टेट्रॉक्साइड आणि हे इंधन साध्या तापमानालाच भेटले की काही मिलिसेकंदांत पेटतात. अशा जोडीला हायपरगोलिक म्हणतात. झडपा उघडायच्या, बस. पेटवणारी यंत्रणाच नाही, म्हणजे ती बिघडण्याची भीती नाही. चंद्रावरून परत निघताना अपोलोच्या अंतराळवीरांच्या यानात हीच पद्धत होती. तिथे 'पेटलं नाही, पुन्हा बघू' म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन मेसरश्मिट १६३ हे रॉकेट-विमान याच वाटेवरचं आद्य. एका टाकीत तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसऱ्या टाकीत हायड्राझिन हायड्रेट आणि मिथेनॉल. दोन्ही भरणाऱ्या गाड्या एकाच वेळी विमानाजवळ येऊ द्यायच्या नाहीत, असा दंडक होता. भरताना सांडलं तर पाण्याचा मारा करून धुऊन काढत. त्यातलं हायड्राझिन हायड्रेट आज आपल्या यूएच-२५ मध्ये आहे.

याहून भयंकर गडी म्हणजे क्लोरिन ट्रायफ्लोराइड. तो पाण्याला पेटवतो, वाळूला पेटवतो, काँक्रीटलाही सोडत नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन क्लार्क यांनी १९७२ च्या 'इग्निशन!' या पुस्तकात लिहिलंय की एकदा टनभर सांडला तेव्हा त्यानं फूटभर काँक्रीट आणि खालची तीन फूट खडी खाल्ली. रॉकेटवाल्यांनी बराच काळ त्याचा नाद केला आणि शेवटी शहाणपणानं हात जोडले.

'विकास'चा फ्रेंच मामा

'विकास'चं मूळ फ्रेंच 'वायकिंग' इंजिनात. १९७४ साली इस्रोचा फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार झाला. व्यवहार मजेशीर होता. तंत्रज्ञानाच्या मोबदल्यात भारतानं पैशांऐवजी मुख्यतः माणसं दिली, शंभर मनुष्य-वर्षांचं काम. आपले इंजिनियर फ्रान्समध्ये जाऊन राबले आणि राबता राबता शिकले. नंबी नारायणन हे त्या तुकडीचे म्होरके. १९८५ साली भारतात बनवलेलं इंजिन फ्रान्समधल्या व्हेर्नोंला नेऊन चालवून बघितलं, आणि ते चाललं.

मुंबईकरांनी मान वर करावी असा तपशील म्हणजे 'विकास' इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात. म्हणजे ऑक्सिडायझर रसायनीचा, इंजिन विक्रोळीचं. आणि घन इंधनाच्या रॉकेटांची अवाढव्य नळकांडी इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरची. वसंत गोवारीकरांसारखा पुणेरी शास्त्रज्ञ त्या घन इंधनाच्या शाखेतला मोठा माणूस. घन आणि द्रव या घराण्यांत एक मूलभूत फरक आहे. घन इंधन एकदा पेटलं की ते थांबवता येत नाही, संपेपर्यंत जळतं. द्रवाची झडप बंद केली की इंजिन बंद. म्हणूनच चंद्रावर अलगद उतरायचं काम द्रवाचं. चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरखाली चार छोटी द्रव-इंजिनं होती, त्यांचा जोर कमी-जास्त करता यायचा.

त्याच मोहिमेत, १४ जुलै २०२३ रोजी, रॉकेटच्या मधल्या टप्प्यातली दोन 'विकास' इंजिनं जमिनीवर पेटवलीच नव्हती. बाजूचे दोन घन-इंधनी बूस्टर जळत असताना, उड्डाणानंतर १०८ सेकंदांनी, वर हवेतच ती पेटली. या टप्प्यात ११० टनांच्या आसपास इंधन आणि ऑक्सिडायझर असतं आणि ते सुमारे दोनशे सेकंदांत संपतं. भागाकार करा: सेकंदाला साडेपाचशे किलो.

आणखी एक नवलाची गोष्ट. 'विकास' सोबत पाणीही नेतो. पंप फिरवणाऱ्या टर्बाइनसाठी एका छोट्या कक्षात थोडं इंधन जाळून वायू तयार करतात. तो इतका तापतो की टर्बाइनची पाती वितळतील, म्हणून त्यात पाणी मारून त्याला गार करतात. मुख्य दहनकक्षाची भिंत वाचवायची युक्ती वेगळी: इंधनाचाच एक पातळ पदर भिंतीलगत वाहता ठेवायचा. आतला जाळ तीन हजार अंशांच्या घरातला आणि त्याच्यापासून भिंतीला वाचवतंय कोण, तर इंधन!

उशीर झाला तर

इतकं वाचून कुणाला वाटेल की पेटवणं हीच अवघड गोष्ट. उलट आहे. पेटवणं सोपं, वेळेवर पेटवणं कठीण. प्रज्वलनाला एक दशांश सेकंद उशीर झाला तर तेवढ्यात आत साचलेले कित्येक किलो द्रव एकदम पेटतात. मग त्याला प्रज्वलन म्हणत नाहीत, स्फोट म्हणतात.

आणि वेळेआधी पेटलं तर? २४ ऑक्टोबर १९६०, बैकोनूर. आर-१६ हे क्षेपणास्त्र, आत यूडीएमएच आणि नायट्रिक आम्ल. टाक्या भरलेल्या असतानाच माणसं भोवती दुरुस्ती करत होती, वरून घाई होती. चुकीचा विद्युत संदेश गेला आणि वरच्या टप्प्याचं इंजिन जमिनीवरच सुरू झालं. खालच्या भरलेल्या टाक्यांवर त्याचा जाळ पडला. मार्शल नेडेलिन यांच्यासह अनेक जण गेले. सोव्हिएत सरकारनं ही दुर्घटना १९८९ पर्यंत लपवून ठेवली.

वेळेवर पेटलं तरी नाटक संपत नाही. जाळ गुणगुणायला लागतो. दाबाची लाट कक्षाच्या भिंतींवर आदळते, परतते, थेंब जास्त फोडते, त्यानं ज्वलन वाढतं, लाट आणखी जोर धरते. क्षणार्धात इंजिनाच्या चिंधड्या. २३ मे १९८० रोजी युरोपच्या एरियान रॉकेटचं दुसरंच उड्डाण याच कारणानं बुडालं. दोषी होतं एक 'वायकिंग' इंजिन, म्हणजे आपल्या 'विकास'चा मामाच. त्यानंतर इंजेक्टर सुधारले आणि पुढच्या एरियानांत नुसत्या यूडीएमएचऐवजी यूएच-२५ आलं.

अमेरिकनांनी या दुखण्यावर काढलेला इलाज तर अफलातून. चांद्रमोहिमेच्या सॅटर्न-५ चं एफ-१ इंजिन केरोसिन आणि द्रव ऑक्सिजनवर चालायचं. १९६२ साली चाचणीत ते असंच फुटलं. गणितानं उत्तर मिळेना. मग त्यांनी चालू इंजिनात छोटे बॉम्ब ठेवून फोडायला सुरुवात केली! मुद्दाम गडबड करायची आणि ती किती वेळात शमते ते मोजायचं. इंजेक्टरच्या तोंडावर तांब्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बसवल्या, भोकांची मांडणी बदलत नेली. सुमारे दोन हजार मोठ्या चाचण्यांनंतर बॉम्ब फुटल्यावर एक दशांश सेकंदाच्या आत शांत होणारं इंजिन हाती लागलं. माणूस चंद्रावर गेला त्यामागे संगणकाइतकाच हा दांडगट चिवटपणा होता, असं माझं मत आहे.

काड्याच काड्या

जी जोडी आपणहून पेटत नाही तिला पेटवणारा लागतो आणि इथे जगभरच्या इंजिनियरांनी काय काय केलंय!

१६ मार्च १९२६. अमेरिकेतल्या ऑबर्न गावी नातलगाच्या शेतावर रॉबर्ट गोडार्ड यांनी जगातलं पहिलं द्रव-इंधनी रॉकेट उडवलं. पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन. पेटवायला मदतनीसाच्या हातात काठीला बांधलेला ब्लोलॅम्प. उड्डाण अडीच सेकंदांचं, उंची ४१ फूट, आणि उतरलं ते कोबीच्या वाफ्यात.

रशियाचं सोयुझ आजही लाकडी दांड्यांच्या आधारानं पेटतं. प्रत्येक इंजिनाच्या तोंडात खालून टी-आकाराचा लाकडी दांडा खुपसलेला असतो, त्यावर दारूगोळ्याचं प्रज्वलक. सगळीकडे जाळ लागला याची खात्री झाली की मगच झडपा पूर्ण उघडायच्या. दांडे जळून उडून जातात. माणसं अंतराळस्थानकावर पोहोचतात ती या आडदांड काडेपेटीच्या भरवशावर.

फाल्कन-९ उडताना क्षणभर हिरवी चमक दिसते. ती बोरॉनची. ट्रायइथाइल अॅल्युमिनियम आणि ट्रायइथाइल बोरेन हे मिश्रण हवा किंवा ऑक्सिजन दिसताच पेटतं, आणि मग त्यावर केरोसिन. एफ-१ मध्येही हाच मसाला होता.

स्पेस शटलच्या इंजिनांखाली उड्डाणाआधी ठिणग्यांचा पाऊस पडायचा. कोट्यवधी लोकांना वाटलं की त्यानं इंजिन पेटतं. मुळीच नाही! इंजिनाचं प्रज्वलक आत वेगळं होतं. बाहेरच्या ठिणग्या होत्या त्या इंजिन सुरू होताना खाली साचणारा फुकट हायड्रोजन जाळून टाकायला.

त्या हायड्रोजनची आणखी एक खोडी: दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. नासाचे कर्मचारी गळतीची शंका आली की हातात केरसुणी पुढे धरून चालत. केरसुणी पेटली की समजायचं, आग इथे आहे. उणे २५३ अंशांचा हायड्रोजन, अब्जावधींचे प्रकल्प आणि आग शोधणारं यंत्र म्हणजे झाडू.

वर गेल्यावर द्रव कुठे असतो?

वजनरहित अवस्थेत टाकीतला द्रव तळाशी बसत नाही, कुठेही तरंगतो. पंपाच्या तोंडाशी वायूचा फुगा आला तर पंप कोरडा फिरून मोडतो. म्हणून मोठं इंजिन पेटवण्याआधी छोट्या इंजिनांनी यानाला पुढे हलकासा धक्का देतात, त्यानं द्रव मागे सरकून नळाशी येतो. सॅटर्न-५ च्या वरच्या टप्प्यांवर यासाठी वेगळी बारकी रॉकेटं बसवली होती.

मंगळयानाची अडचण निराळी होती. त्याचं ४४० न्यूटन जोराचं मुख्य इंजिन पृथ्वीजवळून निघताना चाललं आणि मग जवळपास तीनशे दिवस झोपलं. इतके दिवस झोंबऱ्या ऑक्सिडायझरला तोंड दिलेल्या झडपा उघडतील का? म्हणून नळ्यांची आणि झडपांची पर्यायी वाट आधीच ठेवली होती. २२ सप्टेंबर २०१४ रोजी चार सेकंदांची चाचणी झाली. दोन दिवसांनी इंजिन सुमारे तेवीस मिनिटं चाललं आणि यान मंगळाभोवती फिरू लागलं.

'विकास'वर मात्र अशी वेळ कधी आली नव्हती. ते एकदा पेटायचं, काम करून संपायचं आणि समुद्रात जायचं. बंद करून पुन्हा पेटवायचं म्हटलं की वेगळाच हिशेब सुरू होतो. तापलेले पंप, नळ्यांत उरलेले थेंब, अर्धवट वाफ झालेला ऑक्सिडायझर. यातलं काहीही चुकीच्या क्षणी भेटलं तर मघाचा उशिराचा प्रसंग. १७ जानेवारी २०२५ रोजी महेंद्रगिरीच्या चाचणी-स्थळी इस्रोनं हे करून बघितलं. साठ सेकंद चालवलं, एकशे वीस सेकंद बंद ठेवलं आणि पुन्हा सात सेकंद चालवलं. हेतू असा की पुढेमागे रॉकेटचे टप्पे समुद्रात न बुडवता परत उतरवून वापरता यावेत. त्यासाठी खाली येता येता इंजिन दुसऱ्यांदा पेटायला लागेल, आणि तेही ठरल्या मिलिसेकंदाला.